मैदान बंद, बढती चालू: महामारीत सैनिकांच्या फिटनेसचे गुण आले कुठून?

१ जून २०२५ पासून अमेरिकेच्या लष्करात नवी शारीरिक चाचणी लागू झाली. पाच कसोट्या, एकूण ५०० गुण. त्याआधीची सहा कसोट्यांची चाचणी होती, आणि तिच्याही आधी तीन कसोट्यांची एक जुनी चाचणी चाळीस वर्षं चालली. म्हणजे २०२० च्या सुरुवातीला भरती झालेल्या अमेरिकी सैनिकाने पाच-सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या पाहिल्या. बातमी वाचणाऱ्याचा गोंधळ उडणं साहजिक आहे.

या सगळ्यात एक काळ असा आला, की मोजपट्टी होती पण मोजायला मैदानच नव्हतं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे चाचण्या थांबल्या. बढत्या मात्र थांबवता येत नव्हत्या आणि बढतीच्या हिशेबात फिटनेसचे गुण लागतच होते. मग ते आणायचे कुठून? सैन्याने उत्तर काढलं: जुने गुण पुढे चालू ठेवा. वरवर पाहता हा सगळ्यांना सारखं वागवणारा, कुणाचंही नुकसान न करणारा निर्णय वाटतो. मला तसं वाटत नाही. त्याची किंमत ठरावीक लोकांनी मोजली, आणि ती कशी हे समजायला आधी बढतीचं गणित समजून घ्यावं लागेल.

बढतीचा आणि जोर काढण्याचा संबंध काय?

आपल्याकडे नाईकचा हवालदार होतो, तसा अमेरिकी लष्करात खालच्या हुद्द्यावरचा सैनिक आधी सार्जंट आणि मग स्टाफ सार्जंट होतो. या दोन पायऱ्यांसाठी ८०० गुणांचा हिशेब असतो. नेमबाजी, लष्करी अभ्यासक्रम, बाहेरचं शिक्षण, पदकं आणि शारीरिक चाचणी या सगळ्यांचे गुण त्यात मिळवतात. मग दर महिन्याला प्रत्येक कामाच्या शाखेची एक कट-ऑफ यादी लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची वेगळी, स्वयंपाक्यांची वेगळी, पायदळाची वेगळी. ज्याचे गुण कट-ऑफच्या वर त्याला बढती.

ज्या घरात अकरावीच्या प्रवेशाची यादी पाहिली गेली आहे, त्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कट-ऑफ ४६० ची लागली आणि तुमचे ४५८ असले, तर तुम्ही किती चांगले आहात याने काही फरक पडत नाही. दोन गुण कुठून तरी आणावे लागतात. पदक मागून मिळत नाही, पदवीला वर्षं लागतात. शारीरिक चाचणी ही त्यातल्या त्यात सैनिकाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट. तीन महिने पहाटे उठून घाम गाळला तर गुण वाढतात. म्हणूनच बढतीच्या उंबरठ्यावरचे तरुण सैनिक त्या चाचणीवर डोळा ठेवून असतात.

ही जुनी चाचणी १९८० पासून चालत आलेली होती. दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं सिट-अप्स, आणि मग दोन मैलांची, म्हणजे साधारण ३.२ किलोमीटरची धाव. प्रत्येकाचे १०० प्रमाणे ३०० गुण. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक कसोटीत किमान ६० हवेत. १७ ते २१ वयाच्या पुरुषाला ६० गुणांसाठी ४२ जोर, ५३ सिट-अप्स आणि १५ मिनिटं ५४ सेकंदांत धाव लागे. पैकीच्या पैकी हवे असतील तर ७१ जोर, ७८ सिट-अप्स आणि १३ मिनिटांत धाव. वय आणि लिंगाप्रमाणे आकडे बदलत.

दोन शब्द इथेच समजून घेऊ, पुढे लागतील. पहिला ‘रेकॉर्ड’ चाचणी. सरावासाठी कितीही वेळा धावा, पण जी चाचणी अधिकृत म्हणून कागदावर चढते तीच रेकॉर्ड. बढतीच्या हिशेबात तीच धरतात. दुसरा शब्द ‘फ्लॅग’. रेकॉर्ड चाचणीत सैनिक नापास झाला की त्याच्या नावावर एक खूण लागते. ती खूण आहे तोवर बढती नाही, पदक नाही, बरेचसे अभ्यासक्रमही नाहीत. पुन्हा चाचणी देऊन पास झालं की खूण निघते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसंच हे समजा. जमीन तुमचीच, कसताही तुम्हीच, पण बोजा उतरेपर्यंत व्यवहार अडतो.

पाय धरणारा माणूस

चाचणी बंदच का करावी लागली, हे कागदी नियमांपेक्षा सिट-अप्सच्या दृश्यातून जास्त नीट कळतं.

सैनिक पाठीवर झोपलेला. गुडघे वाकवलेले, बोटं डोक्यामागे गुंफलेली. त्याच्या पायाशी दुसरा सैनिक गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याचे घोटे घट्ट धरतो. दोन मिनिटांत पन्नास, साठ, सत्तर वेळा पहिल्याचा चेहरा वर येतो आणि पाय धरणाऱ्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर जोरात श्वास सोडतो. बाजूला साधारण तीन फुटांवर बसून परीक्षक मोठ्याने मोजत असतो. एक जोडी झाली की तिथेच दुसरी. धाव सुरू होताना पूर्ण कंपनी, म्हणजे सैनिकांची अख्खी तुकडी, एका रेषेत खांद्याला खांदा लावून उभी राहते.

आणि २०२० च्या त्या वसंतात जगभर सांगितलं जात होतं की एकमेकांपासून सहा फूट लांब राहा. आपल्याकडे ‘दो गज की दूरी’ तेव्हाच सुरू झाली. चाचणीतला परीक्षक नियमानेच त्याच्या निम्म्या अंतरावर बसत होता, आणि पाय धरणारा तर अंतर या शब्दाच्याच बाहेर.

“तरुण, धडधाकट पोरं ती, त्यांना काय होणार होतं?”

हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. विशीतल्या सैनिकाला करोनाने मरण येण्याची शक्यता कमी होती, हे खरं आहे. पण सैन्याची काळजी वेगळी होती. सैनिक एकटा राहत नाही. बराक, मेस, जहाज, न्हाणीघर, सगळं सामाईक.

मार्च २०२० मध्ये ‘थिओडोर रूझवेल्ट’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर करोना पसरला. सुमारे ४,८०० नौसैनिकांपैकी १,२०० हून जास्त जणांना लागण झाली आणि एकाचा मृत्यू झाला. जहाज ग्वाम बेटावर थांबवून ठेवावं लागलं. अण्वस्त्रधारी देशाची एक अख्खी विमानवाहू नौका आठवडेच्या आठवडे धक्क्याला लागून राहिली, आणि तीही बहुतांश तरुण, तंदुरुस्त माणसांमुळे.

दुसरं उदाहरण मरीन कोर या अमेरिकी सैन्यदलाच्या नव्या भरतीचं. साउथ कॅरोलायनात प्रशिक्षणाला जाण्याआधी मुलांना दोन आठवडे घरी आणि नंतर दोन आठवडे देखरेखीखाली वेगळं ठेवत. त्यातल्या १,८४८ जणांच्या तपासण्यांचा अभ्यास २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. एवढी काळजी घेऊनही ५१ जण बाधित निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांना कसलीही लक्षणं नव्हती. ताप नाही, खोकला नाही. अशा मुलाला तुम्ही मैदानावर अडवणार कसं? तो तर जोर काढायला एकदम तयार दिसतो.

बरं झालेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. आजारानंतर लगेच जोराचा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज असण्याचा धोका डॉक्टरांना वाटत होता, म्हणून व्यायाम हळूहळू वाढवायला सांगत. आणि दोन मैलांची रेकॉर्ड धाव ही हळूहळू करायची गोष्ट नाही.

मग सैन्यदलांनी केलं काय?

प्रत्येकाने थोडं वेगळं केलं.

हवाई दलाने तारीख पुढे ढकलली. आधी जून २०२०, मग ऑक्टोबर, मग जानेवारी २०२१, मग एप्रिल, आणि शेवटी १ जुलै २०२१ ला चाचण्या खरोखर सुरू झाल्या. परत आली तेव्हा चाचणीतून कंबरेचं माप गेलेलं होतं. आधी १०० पैकी २० गुण फितीने मोजलेल्या कंबरेला होते. त्या वेळी दीड मैलांच्या धावेला ६०, जोर आणि सिट-अप्सना २० आणि २० ठेवले गेले. जानेवारी २०२२ पासून प्लँकसारखे पर्यायही आले, ज्यात कुणी कुणाचे पाय धरायचा प्रश्नच येत नाही.

नौदलात वर्षाला दोन चाचण्या असत. २०२० च्या दोन्ही रद्द झाल्या.

लष्कराने म्हणजे आर्मीने गुण गोठवले. ज्या सैनिकाकडे जुन्या चाचणीचा चालू, उत्तीर्ण निकाल होता, त्याचा तो निकाल मार्च २०२२ अखेरपर्यंत ग्राह्य धरायचं ठरलं. एरवी काही महिन्यांत शिळा होणारा कागद दोन वर्षांहून जास्त टिकला.

आपल्याला हे ओळखीचं आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा निकालाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या वार्षिक निकालावरून दिले गेले. नववी मजेत घालवून दहावीला कंबर कसणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत होती. ‘दहावीला बघतो’ म्हणणाऱ्यांना बघायला दहावीच मिळाली नाही. सैनिकांचं तेच झालं, फरक एवढाच की त्यांच्या निकालाला पगार जोडलेला होता.

जुने गुण धरले, त्यात कुणाचं काय बिघडलं?

इथे थोडं थांबू, कारण खरा मुद्दा हाच आहे. चार सैनिक कल्पनेतले घेऊ. चौघांची शाखा एक, अनुभव जवळपास सारखा.

पहिला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ३०० पैकी २८५ काढले. पुढे त्याला करोना झाला, दम कमी झाला, वजन वाढलं. २०२१ मध्ये त्याला धावायला लावलं असतं तर कदाचित २२० वर थांबला असता. पण कागदावर २८५ तसेच. दर महिन्याच्या कट-ऑफला ते त्याच्या कामी येत राहिले.

दुसऱ्याचा त्याच ऑक्टोबरमध्ये घोटा मुरगळलेला होता. कशीबशी चाचणी दिली, २०५ मिळाले. म्हणाला, वसंतातली चाचणी येते आहे, तेव्हा दाखवतो. घोटा बरा झाला, पोरगं बर्फात धावलं, मार्चपर्यंत २६० ची तयारी झाली. मार्चमध्ये मैदान बंद.

तिसरी सैनिक २०२० च्या जानेवारीत बाळंत झाली. त्या काळच्या नियमाप्रमाणे बाळंतपणानंतर १८० दिवस तिला चाचणीतून सूट होती. सूट संपली जुलैत, आणि तेव्हा द्यायला चाचणीच नव्हती. तिचा शेवटचा निकाल गरोदरपणाआधीचा, वर्षाहून जुना. तो ‘चालू’ म्हणायचा की नाही, इथूनच तिची अडचण सुरू होते. गोठवायला गुण तर हवेत.

चौथा फेब्रुवारीत बारा सेकंदांनी धावेत नापास झाला. नावावर फ्लॅग लागला. एरवी तीनेक महिन्यांत पुन्हा धावून त्याने तो काढला असता. आता मैदान उघडेपर्यंत तो बारा सेकंदांचा बोजा त्याच्या डोक्यावर.

चौघांनाही नियम एकच लावला, पण पहिल्याचं त्यात भलं झालं आणि उरलेल्या तिघांचं नुकसान. घड्याळ थांबवलं की ज्या क्षणी ते थांबलं तो क्षण ज्याच्या सोयीचा, त्याचा फायदा होतो. आणि तो क्षण कुणी निवडलेला नव्हता, विषाणूने निवडला होता. मुरगळलेला घोटा, बाळंतपण, नुकतंच आलेलं अपयश, या तात्पुरत्या गोष्टी असतात. गोठवण्याने त्या दोन वर्षांच्या झाल्या.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये दुसरा मार्ग नव्हता, हे मला पूर्ण मान्य आहे. त्या दोन महिन्यांत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पण नंतर मोकळ्या हवेत, अंतर ठेवून, चार-चार जणांच्या गटात धाव घेता येते हे कळायला लागलं. तिथून पुढे पहिला हक्क ज्यांचा कागद त्यांच्यावर अन्याय करत होता त्यांचा होता. ज्यांना आपला निकाल सुधारायचा आहे त्यांनी हात वर करावा, बाकीच्यांचे जुने गुण राहू द्या. सगळ्या फौजेला मैदानावर आणायची गरज नव्हती.

“मग तेवढा काळ बढत्याच थांबवायच्या होत्या”

सरळ वाटणारा उपाय आहे, पण सैन्यात तो चालत नाही. कंपनीत बारकं पोर दंगा करतं तेव्हा त्याला सांभाळणारा सार्जंट असतो. एक सार्जंट निवृत्त झाला की ती जागा भरावीच लागते. महामारीतही माणसं निवृत्त होत होती आणि करार संपून घरी जात होती. वर जागा रिकाम्या आणि खाली तयार माणसं अडकलेली, असं दोन वर्षं ठेवलं असतं तर कंपनी चालवणार कोण?

दुसरी गोष्ट अमेरिकी पद्धतीची. तिथे एका हुद्द्यावर ठरावीक वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. तेवढ्या काळात वर गेलात तर नोकरी चालू, नाही गेलात तर पुढचा करार नाही. बढती गोठवली आणि हे घड्याळ चालू ठेवलं, तर चांगला माणूस आपली चूक नसताना बाहेर फेकला जातो.

पगाराचं तर उघडच आहे. तरुण सैनिक, बायको, एक मूल, बाहेर भाड्याचं घर. सार्जंटचा पगार दोन वर्षं उशिरा मिळणं म्हणजे काय, हे सांगायला अमेरिकेला जायला नको.

अभ्यासक्रमांच्या बाबतीत सैन्याने लवचीकपणा दाखवला, त्याचं श्रेय द्यायला हवं. सार्जंट व्हायच्या वाटेवरचा जो पायाभूत नेतृत्व वर्ग आहे, तो २०२० मध्ये बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन घेतला गेला. हातात नकाशा धरून शिकायच्या गोष्टी स्क्रीनवर शिकवणं अवघड, पण वर्ग चालू राहिला.

“वर्ग ऑनलाइन, तर चाचणी व्हिडिओवर का नाही?”

जोर मोजायला सोपे वाटतात. प्रत्यक्षात परीक्षक आकडा कमी आणि कोपर जास्त पाहत असतो. खाली जाताना दंडाचा वरचा भाग जमिनीला समांतर झाला का, वर येताना हात पूर्ण सरळ झाले का, पाठ मध्येच लवली का. एक इंच कमी गेला की तो जोर धरत नाहीत. मोबाइल टेबलावर टेकवून काढलेल्या व्हिडिओत हा इंच दिसत नाही. कॅमेरा थोडा खाली ठेवला तर उथळ जोरही खोल दिसतो.

धावेचं आणखी कठीण. मोबाइलमधलं अंतर इमारतींच्या आणि झाडांच्या मध्ये चुकतं. एकाच्या घराजवळ सपाट रस्ता, दुसऱ्याच्या दारात चढ. कुणी उतारावर धावलं तर वेळ खरी, पण तुलना खोटी.

आणि या गुणांवर दुसऱ्याची बढती अडलेली असते. कट-ऑफच्या एका जागेसाठी दोघे जण रांगेत असतील, तर एकाच्या घरी काढलेल्या व्हिडिओवर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा? सरावासाठी, स्वतःची प्रगती पाहण्यासाठी घरची चाचणी उत्तम. रेकॉर्डसाठी नाही. या मुद्द्यावर मी सैन्याच्या बाजूने आहे.

त्यात चाचणीच बदलली

आधीच गुंतलेल्या दोऱ्यात इथे आणखी एक गाठ पडली. जुनी तीन कसोट्यांची चाचणी काढून नवी सहा कसोट्यांची आणायचं सैन्याने महामारीच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. ती लागू व्हायची तारीख होती १ ऑक्टोबर २०२०.

नवी चाचणी म्हणजे जिमच होतं. षटकोनी दांड्याने वजन उचलायचं, सुरुवातीच्या नियमांत कमीत कमी १४० पौंड म्हणजे साधारण ६३ किलो. साडेचार किलोचा चेंडू डोक्यावरून मागे फेकायचा. ९० पौंडांची घसरगाडी ओढायची, दोन हातांत १८-१८ किलोच्या केटलबेल घेऊन पळायचं. हात जमिनीवरून उचलत जोर काढायचे. बारला लटकून गुडघे कोपरापर्यंत आणायचे. आणि शेवटी दोन मैल धाव.

जुन्या चाचणीला घड्याळ आणि रस्ता पुरत होता. नव्या चाचणीला सामान लागतं, आणि ते सामान शेकडो हातांतून जातं. घामट तळव्यांनी धरलेला दांडा दर वेळी पुसा, केटलबेल पुसा, चेंडू पुसा, मग पुढचा सैनिक. लॉकडाउनमध्ये जिमही बंद. छावणीबाहेर राहणाऱ्या सैनिकाने, आणि महिन्यातून एकदा हजेरी लावणाऱ्या राखीव दलातल्या शिक्षकाने किंवा नर्सने, ६३ किलोचा सराव करायचा कशावर? घरात वाळूची पोती असतील तर असतील.

ठरल्याप्रमाणे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी चाचणी कागदोपत्री अधिकृत झाली, पण तिच्या निकालावरून कुणावर कारवाई करायची नाही, असंही ठरलं. सुरुवातीच्या निकालांत स्त्रिया मोठ्या प्रमाणात नापास होत होत्या, विशेषतः बारला लटकण्याच्या कसोटीत. अमेरिकी संसदेने स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. तो अभ्यास रँड या संस्थेने केला. मार्च २०२२ मध्ये लटकण्याची कसोटी काढून तिच्या जागी प्लँक आला, वय आणि लिंगाप्रमाणे गुण ठरले. नियमित सैनिकांसाठी ती चाचणी रेकॉर्ड म्हणून सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, राखीव दलांसाठी १ एप्रिल २०२३ ला.

आता हा सगळा काळ आपल्या दुसऱ्या सैनिकाच्या, घोटा मुरगळलेल्याच्या नजरेतून पाहा. जुनी चाचणी द्यायला मिळत नाही, कारण ती बंद. नवी चाचणी दिली तरी मोजत नाहीत, कारण ती अजून पक्की नाही. आणि दर महिन्याला कट-ऑफ लागतेच आहे. दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर तो उभा होता, तिकीट हातात घेऊन.

या काळात एक गोष्ट मात्र चांगली झाली. एप्रिल २०२२ मध्ये बाळंतपणानंतरची सूट १८० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. तिसऱ्या सैनिकाला तिचा उपयोग झाला नाही, पण तिच्यानंतरच्या आयांना ती मिळाली.

गुण होते, पण दम होता का?

फिटनेस ही बँकेतली ठेव नाही. ठेवीवर व्याज चढतं, दम मात्र न वापरता पडून राहिला की आटतो. धावणं सोडलेल्या कुणालाही विचारा, महिन्याभरात पहिल्याच चढावर धाप लागते. २०१९ चे २८५ गुण २०२१ मध्ये काय सांगतात? एवढंच, की २०१९ मध्ये हा माणूस चांगला पळत होता. बढती मात्र २०२१ मधल्या माणसाला मिळते, आणि उद्या डोंगर चढताना त्याच्या मागे दहा जण असतात. म्हणून जुन्या गुणांवर बढती देणं हा बढती मिळणाऱ्याला केलेला उपकार समजू नये. त्यात त्याच्या हाताखालच्या दहा जणांचाही प्रश्न आहे.

आपल्याकडचं काय?

त्या काळात भारतीय लष्करातही दोन ठरलेल्या चाचण्या होत्या. एकीत हत्यार आणि सामानासह पाच किलोमीटर धाव, दोर चढणं, नऊ फुटी खंदक ओलांडणं. दुसरीत २.४ किलोमीटरची धाव, बारवर पुल-अप्स, सिट-अप्स, शटल रन अशा गोष्टी. अधिकाऱ्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात या चाचण्यांची नोंद जायची, आणि तो अहवाल पुढच्या बढतीला लागायचा.

पण महामारीचा घाव आपल्या गावांना जिथे बसला ती जागा बढतीची नव्हती. ती होती भरतीची. साताऱ्यापासून बीडपर्यंत पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. भरतीत १,६०० मीटर धाव असते. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पहिला गट, ६० गुण. त्याच्या पुढे ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत दुसरा गट, ४८ गुण. पुल-अप्स दहा काढले तर ४० गुण. आणि वयाची मर्यादा होती २१.

करोनाच्या त्या दोन वर्षांत भरती होऊ शकली नाही, हे सरकारने जून २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं आणि अग्निपथ योजनेत त्या एका वर्षापुरती वयोमर्यादा २१ वरून २३ केली. अमेरिकेत गुण गोठवले होते, आपल्याकडे वय दोन वर्षं मागे नेलं. मला हा मार्ग जास्त न्यायाचा वाटतो, कारण यात जुना आकडा कुणाच्याच नावावर चढत नाही. प्रत्येकाला पुन्हा मैदानावर उतरावं लागतं. तरी त्यातही दोन वर्षांचा हिशेब पूर्ण बसत नाही.

माझ्या आतेभावाचा मुलगा त्या पोरांपैकीच. २०२० मध्ये तो एकोणीस वर्षांचा होता. उसाच्या फडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने चुन्याने १,६०० मीटरच्या खुणा केल्या होत्या. रोज धावून आला की घामेजल्या हाताने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलने वेळ लिहायचा. फेब्रुवारी २०२० च्या पानावर ५:१८ आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. मग भरती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. वडिलांना करोना झाला, घर याच्या अंगावर आलं, पहाटेचं धावणं सुटलं. वयाची सूट जाहीर झाली तेव्हा त्याने पुन्हा बूट बांधले. हातात काही महिने होते.

२०२२ च्या भरतीत तो ५ मिनिटं ३४ सेकंदांत आला. पहिला गट चार सेकंदांनी हुकला, ६० च्या जागी ४८ गुण मिळाले. दिनदर्शिकेचं ते पान त्याच्या आईने अजून फाडलेलं नाही.